भिंतीला पाजलेलं पाणी

ऑफिसातला माझा शेजारी दुपारच्या चहाबरोबर पेपर वाचायचा. एकदा म्हणाला, "सरहद्दीवर भिंतच घालाले पायजे. घुसखोरी खतम. तुमाले काय वाटते?" मी म्हटलं, मी एक भिंत बांधलेली आहे. तो हसला. पुढचं त्याला सांगितलं नाही, इथं सांगतो.

शहराबाहेर बेशाच्या वाटेवर आमची बारा घरांची वसाहत होती आणि मी तिचा सेक्रेटरी. दुष्काळाच्या वर्षी कुहीकडची मजूर माणसं आली आणि आमच्या मागच्या पडीक जागेवर झोपड्या घालून राहिली. आमच्या विहिरीला पाणी होतं. त्यांच्या बायका पाण्याचे गुंड, घागरी घेऊन यायच्या, आम्ही हाकलायचो, त्या दुसऱ्या बाजूनं यायच्या. आम्ही सगळे एकादशा करणारे. तहानलेल्याला पाणी पाजावं हे आम्हाला तोंडपाठ. भिंतीचा ठराव मात्र एकमतानं झाला. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

विटा वाहायला स्वस्तातली माणसं त्याच झोपड्यांतून आणली. आपलीच वाट ती आपल्या हातानं बुजवू लागली. पोटापुढे काय करणार?

भिंत उभी झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "पंधरा दिवस दोन टाइम पाणी मारा साहेब, नाहीतर कच्ची राहीन." या कामावरही मी त्यांच्यातलीच एक बाई ठेवली. विहिरीतून बादली शेंदायची, भिंतीवर ओतायची. घरी थेंबही न्यायचा नाही, ही माझी अट.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "साहेब, पोरगी हगवणीनं सुकून राहिली माही. नाल्याचं पाणी तिले सोसत नाही. एक गुंड नेऊ का?"

"एकीले देलं का साऱ्या येतीन," मी म्हणालो. किती शांतपणे म्हणालो, ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीच्या माथ्यावर जरा जास्तच पाणी ओतताना दिसली. पलीकडे जाऊन पाहिलं, तर भिंतीला लागून गंज, पातेली मांडलेली आणि त्यांत सिमेंटचं राखाडी पाणी ठिबकतंय.

"काहून वं, पाणी तिकडं काहून चाललं?"

"भिंत दोन्हीकून ओली नको का, साहेब?"

उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. तिला तिथल्या तिथे काढलं आणि माथ्यावर बाटल्यांच्या काचा बसवून घेतल्या.

मग पाणी मारायला झोपड्यांतून कुणी येईना, आणि आमच्यातला कुणी बादली उचलणं शक्यच नव्हतं. भिंत कच्ची राहिली. आठवडाभरात त्या लोकांनी खालच्या विटा हातानं उपसल्या आणि वाकून आत यायला लागले. काचा वर तशाच चमकत होत्या.

त्या भोकातून पहिली आली ती तीच बाई. तिनं गुंड भरला. मी अडवलं नाही, उलट मोठ्या मनाचा आव आणून विचारलं, "पोरगी कशी हाय वं आता?"

"गेली, साहेब. आज तिसरा दिवस," ती म्हणाली. "सुतकाचं न्हाणं हाय, म्हणून पाणी नेऊन राहिली."

गुंड डोक्यावर घेऊन ती आली तशी वाकून गेली.

भिंतीनं माणसं थांबत नाहीत, असं कुणी म्हणू नये. माझ्या भिंतीनं एक थांबवलं. दीड वर्षाचं होतं.