खिडकीजवळचं टेबल

जळगाव जामोदच्या अभ्यासिकेत खिडकीजवळ एक टेबल आहे. तिथे बसणाऱ्याला सरकारी नोकरी लागते, अशी तिथल्या पोरांची पक्की समजूत. तीन वर्षांत निवड झालेल्या नऊ जणांपैकी सात जण त्याच टेबलाचे. निवड झाली की पेढ्यांचा पहिला बॉक्स त्या टेबलावर ठेवायचा, मग वाटायचे. पदवीधर पोरं परीक्षेच्या दिवशी जाताना त्याला हात लावून जातात, आणि वर गंभीर चेहऱ्याने सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

धम्मशीलाला याचं हसू यायचं. ती तहसीलमध्ये नोकरीला. दर रविवारी सकाळी दहाला इथे येऊन तर्काचे प्रश्न फुकट शिकवायची. पस्तिशीची, आवाज खणखणीत, आणि आपलं उदाहरण द्यायची हौस दांडगी. "मी पहाटे पाचला उठत होते, म्हणून इथवर आले," हे वाक्य पोरांना पाठ झालेलं.

त्या रविवारी तास सुरू व्हायच्या आधीच सोनाळ्याची सुचिता तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"मॅडम, माहं नाव काढून टाका. उद्यापासून येत नाही मी."

"काऊन?"

"दोनदा नापास झाली. घरचे म्हणतात, आता पुरे."

"आजचा तास तर कर. मग बोलू," धम्मशीला म्हणाली.

सुचिता मागे जाऊन बसली.

धम्मशीलाने फळ्यावर प्रश्न लिहिला. ज्या गावांत आशाताई घरोघर फिरतात, तिथेच तापाचे रोगी जास्त. का? कोणी म्हणालं, आशाताईंमुळे ताप पसरतो. सगळे हसले.

"अरे, फिरलं तर रोगी सापडतात," ती म्हणाली. "जिथे कोणी विचारायलाच जात नाही, तिथे कागदावर सगळे ठणठणीत. दोन गोष्टी जोडीने दिसल्या की थांबायचं. एकीमुळे दुसरी झाली का? की उलट? की दोघींच्या मागे तिसरीच कोणी उभी आहे? नाहीतर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडलेली असते."

मग तिने हसत खिडकीकडे बोट केलं. "आता तुमचं टेबल घ्या. ते कोणाला मिळतं?"

"सकाळी सहाले जो येते त्याले."

"मग झालं तर. सहाला येतो तो मेहनती. टेबलही मेहनतीमुळे आणि नोकरीही मेहनतीमुळेच."

पोरांनी माना डोलावल्या. मागून सुचिता उठली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

"मॅडम, मी चारले उठते. पाणी, सैपाक, मग पहिली गाडी. इथं पोहोचाले नऊ वाजतात. त्या सातही जणांची घरं नाहीतर खोल्या याच गावात होत्या. मंग तिसरी गोष्ट मेहनत कशी?"

आपणच शिकवलेला प्रश्न आपल्यालाच सुटला नाही, हे धम्मशीलाला तिथेच कळलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातली गत. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला एकदम महामाया आठवली.

महामाया तिची दोन वर्षांनी धाकटी बहीण. गणितात तिच्यापेक्षा पुढे. पण जळगाव जामोदात राहणाऱ्या केसरबाई मावशीच्या घरी एकाच खाटेपुरती जागा होती. थोरली म्हणून धम्मशीला आली. ती पाचला उठायची तेव्हा गावात महामाया चारला उठून आईसोबत कामाला जुंपलेली असायची. आणि इतकी वर्षं धम्मशीला सगळ्यांना सांगत आली, की धाकटीला अभ्यासाची गोडीच नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

"मी चुकले," ती वर्गाला म्हणाली. "मी पहाटे उठून पास झाले नाही. माझी मावशी इथे राहत होती म्हणून झाले."

तास संपल्यावर तिने सुचिताला थांबवलं. "नाव काढत नाही मी. माझ्या घरी राहा. एक खोली रिकामीच आहे. घरच्यांशी मी बोलते."

सुचिता म्हणाली, "बाबाले इचारून सांगते." पण जाताना तिचा चेहरा उजळला होता.

दुपारी धम्मशीलाने महामायाला फोन लावला. टेबलापासून खाटेपर्यंत सगळं सांगितलं. माफ कर, असंही म्हणाली.

"चांगलं केलं ताई," महामाया म्हणाली. "ठेव त्या पोरीले. पण तिच्या पाठी बहीण हाय काय? मंग तिच्या वाटचं पाणी अन् सैपाक आता त्या धाकटीवर पडंन."

धम्मशीलाने ते विचारलंच नव्हतं.