ट्रॉली शेपूट हलवते तेव्हा

ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या कपड्यावरचे ऑइलचे डाग आणि डोक्यातले किस्से, दोन्ही कितीही धुतले तरी निघत नाहीत. सत्तरच्या दशकात मी वडगाव रासाईच्या सोसायटीचा ट्रॅक्टर चालवायचो. ट्रॅक्टर गुणी होता. मागची ट्रॉली मात्र नाठाळ. उतार लागला की शेपूट हलवायला लागायची.

पहिल्यांदा ती हलली तेव्हा मी घाबरून करकचून ब्रेक दाबला. मग तर ती अशी झुलली, की माझीच ट्रॉली मला ओव्हरटेक करू पाहत होती. शेवटी उसासकट एका आबांच्या कांद्यात आडवी झाली. आबा बांधावर तंबाखू मळत होते.

"वळायचं व्हतं तर हात तरी दाखवायचा," म्हणाले.

सोसायटीचे चेअरमन आप्पा मात्र भडकले. पुन्हा ट्रॉली उलटली तर ड्रायव्हर बदलणार, असं चारचौघांत सांगितलं. माझ्या घरात तेवढा एकच पगार येत होता. त्या दिवसापासून उतार दिसला की मी देवाला नारळ बोलायचो.

*

दौंडला एक मिस्त्री होते. मी टायर बदलू का, हूक बदलू का, विचारत बसलो. त्यांनी ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली.

"बैलगाडी कवा उलाळ भरतोस का?"

उलाळ म्हणजे मागं जड. तशी भरली तर जू वर उचलतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मग ट्रॉली का तशी भरतोस, म्हणाले. जड माल पुढं, हुकावर दाब पडला पाहिजे. उतारावर सावकाश. आणि हललीच तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून रेसवरचा पाय काढायचा. एवढ्यासाठी मी महिनाभर देवाला नारळ फोडत होतो.

*

ब्रेकचं मी जरा जास्तच मनावर घेतलं. त्याच आठवड्यात दौंडच्या एका हॉटेलापुढं थांबायचं होतं, पण पाय काही ब्रेकवर जाईना. ट्रॅक्टरचं नाक थेट भज्यांच्या कढईपाशी जाऊन थांबलं. मालकानं झारा खालीसुद्धा ठेवला नाही.

"गाडीवरच देऊ का?"

*

ऊस भरायला सखाराम मामा असायचे. भारदस्त गडी. ट्रॉली हलते म्हणून ते आपणहून अगदी मागच्या टोकाला जाऊन बसले. शेपूट दाबून धरतो म्हणाले. ट्रॉली दुप्पट झुलली. थांबवून बघतो तर मामांचा फेटा गायब आणि चेहऱ्यावर अभिमान.

"मी व्हतो म्हून एवढ्यावर भागलं," म्हणाले. त्यांना पुढं बसवायला मला दोन चहा पाजावे लागले.

*

आणि मग आप्पांच्या मुलाचं लग्न आलं. वऱ्हाड आमच्याच ट्रॉलीतून कासुर्डीला न्यायचं होतं. आता ऊस नाही, माणसं होती. मी आधीच ओरडून सांगितलं, "वजनदार माणसं पुढं बसा."

झालं. चेअरमन आप्पा पुढं बसले. सोसायटीचे दोन डायरेक्टर पुढं बसले. सरपंच उशिरा आले, त्यांनाही मानानं पुढं जागा केली. सगळे मिळून दोन पोती भरतील की नाही शंका, असे काटकुळे. गावातले चार पैलवान बिचारे आदबीनं पार मागं जाऊन बसले.

पहिल्याच उतारावर ट्रॉलीनं शेपूट हलवलं. बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या. मी ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं, रेस सोडली. ती हळूहळू शांत झाली. उतार संपल्यावर मी ट्रॅक्टर थांबवला. आता आप्पांना खरं सांगायला हवं होतं, आणि तेही सोसायटीच्या निवडणुकीच्या तोंडावर, सगळ्या गावादेखत.

"आप्पा," मी म्हणालो, "तुमचं वजन कमी पडतंय."

माझी नोकरी गेली असं मी धरूनच चाललो. हात जोडून किलोचा हिशेब समजावला. आप्पांना हिशेब पटला. पण मानाची जागा सोडून मागं जायला ते तयार होईनात. शेवटी त्यांनीच तोड काढली. प्रत्येक पुढाऱ्याच्या मांडीवर एकेक पैलवान.

ट्रॉली कासुर्डीपर्यंत सुतासारखी सरळ गेली. मांडवापाशी व्याही हार घेऊन पुढं आले आणि गोंधळले.

"चेअरमन कुठं हायत?"

सगळ्यात थोराड पैलवानाच्या खालून बारीक आवाज आला.

"हार त्यालाच घाला. आज वजन त्याचं हाय."