डबरीतला घरजावई

माझी चुलत बहीण ऋजुता, म्हणजे ताई, मध्य प्रदेशात कन्नौदजवळच्या एका गावात, सरकारी शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिच्याशी वाद घालू नये, असं मी सगळ्यांना सांगत असतो. देवासला आमच्याकडे श्राद्धाच्या दिवशी पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बायका जेवत नसत. ताई दहा वर्षांची असताना पाट ओढून पहिल्याच पंगतीत बसली आणि मला भूक लागली आहे, म्हणाली. कोणी उठवू शकलं नाही. ती अजूनही तशीच आहे, फक्त आता केस पांढरे झालेत.

गेल्या अकरा वर्षांत तिची तीनदा बदली झाली. तीनही वेळा तिने भांडून ती रद्द करवली. कारण शाळेमागची डबरी. म्हणजे गुडघाभर पाण्याचा एक खड्डा, जो मे महिन्यात ठणठणीत कोरडा पडतो. पाऊस सुरू झाला की तिथे तीन जातींचे बेडूक अंडी घालतात: खरखरीत पाठीचे भेक, फांदीवर पांढऱ्या फेसाचं घरटं करणारे झाडबेडूक आणि नखाएवढे चिमुकले, ज्यांचा आवाज त्यांच्या अंगाला शोभत नाही. ताई चहाच्या गाळणीने त्यांचे बेडूकमासे उचलते, पांढऱ्या ताटलीत मोजते आणि परत सोडते. माझं कन्नौदला औषधांचं दुकान आहे, तिथून ती मलमपट्टीच्या पांढऱ्या ताटल्या नेते. दाम कधी देत नाही, मीही मागत नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात पावसाने दडी मारली. इकडे त्याला खेंच म्हणतात. सोयाबीन माना टाकू लागलं, तेव्हा गावाने बेडकांचं लग्न लावलं. रीतच आहे. गावातला खंडोजी नाल्यावरून हाताच्या पंजाएवढे दोन पिवळे बेडूक घेऊन आला. नवरी शाळेत ठेवली, तिथे मुलींनी तिला हळद लावली. नवरा गावातले वजनदार गृहस्थ उमाशंकरजी यांच्या दारातून ढोल वाजवत आला. लग्न लागलं आणि डबरी जवळ पडते म्हणून जोडपं तिथेच सोडलं. चौथ्या दिवशी पाऊस आला.

सगळं गाव खूश, आणि ताई डबरीच्या काठावर बसून रडत होती. त्या जोडीने हजारो अंडी घातली होती. त्या मोठ्या बेडकांचे बेडूकमासे मांस खातात. चिमुकल्यांची, भेकांची पिल्लं त्यांनी पंधरा दिवसांत फस्त केली. पुढच्या पावसात तिने डबरीकडे परतणारे पिवळे बेडूक एकेक करून बादलीत पकडले आणि स्कूटरवरून नाल्यावर नेऊन सोडले. शिक्षिका बेडूक फिरवते म्हणून लोक हसले. तिने ते मनावर घेतलं नाही. या वर्षी कुठे चिमुकल्यांचा आवाज पुन्हा घुमू लागला होता.

आणि पुन्हा खेंच पडली. आता तर डबरी सिद्ध झालेली होती. जोडी तिथेच सोडायची, असं उमाशंकरजींनी जाहीर केलं. त्यांचा शब्द मोडत नाही कोणी. ताईने नकार दिला. मॅडम पाऊस अडवतेय, अशी बोंब झाली. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून समजावलं. मीही समजावलं, हे कबूल करतो. दोन बेडकांसाठी गावाशी वैर कशाला, म्हणालो. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चष्मा पुसत बसलो.

लग्नाच्या दिवशी शाळेचं अंगण भरलं होतं. मंगलाष्टकं म्हणायला आमचेच बापूसाहेब, देवळातले पुजारी. गावाला मराठी मंगलाष्टकांचं फार कौतुक. अक्षता पडल्या. उमाशंकरजींनी बेडकांची परात उचलली आणि डबरीकडे निघाले. ताई वाटेत उभी राहिली.

"हळद शाळेत लागली, म्हणजे मी मुलीकडची," ती शांतपणे म्हणाली. "बापूसाहेब, आपल्यात मुलगी लग्नानंतर कुठे जाते?"

"सासरी," बापूसाहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"और लड़का नाले का है। तो ससुराल नाला। यहाँ छोड़ोगे तो वो घरजमाई हुआ।"

लोक हसू लागले आणि मध्येच थांबले. उमाशंकरजी या गावचे नव्हते. पंचवीस वर्षांपूर्वी ते जमुनाबाईंशी लग्न करून सासऱ्याच्या घरी राहायला आले, आणि दहा वर्षांत जमुनाबाईंचे दोघे भाऊ जमीन सोडून इंदूरला गेले. त्याबद्दल गावात कोणी मोठ्याने बोलत नसे. ताईला हे माहीत होतं की नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

उमाशंकरजींचा चेहरा काळवंडला. "मॅडम, हटो। बारिश का सवाल है।"

"नहीं हटती, भिया। छोटे जीव पहले से यहाँ रहते हैं। बड़ा आता है, सबको खा जाता है, और फिर कहते हैं, देखो कितनी बरकत हुई।"

बायकांच्या घोळक्यातून जमुनाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या पुढे आल्या आणि नवऱ्याच्या हातातली परात त्यांनी घेतली. ओढावी लागली नाही. नाला दीड किलोमीटर आहे. त्या उन्हातून चालत गेल्या, मागून मुली गाणं म्हणत गेल्या, आणि ढोलवाल्याला काय करावं कळेना म्हणून तोही गेला.

पाऊस आला नाही. आठ दिवस नाही, पंधरा दिवस नाही. दूधवाल्याने ताईकडे दूध घालणं बंद केलं. मी तिला थोडे दिवस देवासला चल म्हणालो. ती आली नाही. रोज डबरीवर जात राहिली. पाणी घोट्याशी आलं, मग ताटलीएवढं उरलं, आणि कडेच्या चिखलातून शेपट्या गळालेले नखाएवढे बेडूक उड्या मारत गवतात शिरू लागले. शेकडो. पाणी आटायच्या आत पाय फुटले होते त्यांना.

उमाशंकरजी कुंपणापाशी येऊन उभे होते. तुमच्यामुळे पाऊस गेला, ते म्हणाले.

ताईने गाळणी धुतली. "गया होगा," ती म्हणाली. "मेरे बच्चे तो निकल गए।"