गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग

रिव्हर्ब म्हणजे काय ते मला कळलं, त्या दिवशी मी परसातल्या विहिरीत डोकावून स्वतःलाच हाका मारल्या. आवाज भिंतींवर आपटून परत येतो, त्या परतीच्या आवाजाचा हा पसारा. मला तो इतका आवडला की सासूबाई कळशी घेऊन मागे ताटकळत उभ्या आहेत, हेही लक्षात आलं नाही.

मी शाळेत शिकवते. मुलांसाठी कविता रेकॉर्ड करायला म्हणून एक मायक्रोफोन आणला, कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकलं आणि मला वेडच लागलं. कंप्रेसर म्हणजे घरातली थोरली सून: जो ओरडतो त्याला दाबायचं आणि जो पुटपुटतो त्याला पुढे आणायचं. इक्वलायझरने आवाजाचा जाडेपणा कमी करायचा, बारीकपणा वाढवायचा. नॉइज गेट हे दार. आवाज ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की बंद. जेवताना मी हे सगळं सासऱ्यांना ऐकवायची आणि ते सोलकढीचे घोट घेत ऐकून घ्यायचे.

त्यांच्या घशात गाठ निघाली तेव्हा माझं हे वेड एकदम कामाचं झालं. गाठ साधी होती, जिवाला धोका नव्हता. पण ती स्वरयंत्राला चिकटलेली होती आणि शस्त्रक्रियेनंतर आवाज पहिल्यासारखा येईलच असं सांगता येत नाही, असं गोव्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आमच्या गावचं गाऱ्हाणं सासरेच घालतात. देवळासमोर उभं राहून सगळ्या गावासाठी देवाकडे मागायचं, ते. तो आवाज गेला तर त्या घरात मी कशी राहणार होते, मला कळत नव्हतं. शस्त्रक्रियेला आठवडा होता. मी ठरवलं, तो आवाज पकडून ठेवायचा.

रविवारी दुपारी मी आमच्या खोलीचा स्टुडिओ केला. खिडकीला गादी लावली, पंखा बंद, दाराच्या फटीत चादर. सासरे धोतर नेसून, टोपी घालून मायक्रोफोनसमोर उभे राहिले. मी बोटाने खूण केली.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले आणि थांबले.

मी पुढे चला म्हणून हात हलवला. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिथेच अडले. असं चारदा झालं. मी घामाघूम, आणि माझा पारा चढायला लागला. शेवटी मी म्हटलं, बाबा, तुम्ही नुसतं बोलत जा, बाकीचं मी नंतर जोडते.

"जोडशीत मगे. पण कोणी व्हय म्हटल्याशिवाय माका फुडला सुचणाच नाय गो."

मी कपाळावर हात मारला. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्यापुढे जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात, तेव्हाच ते मागणं पुरं होतं. जन्मभर ऐकत आलेली मी, आणि एकट्या माणसाचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करायला बसले होते! गावाला बोलवावं तर घसा दुखतोय हे सासऱ्यांना गावात कळू द्यायचं नव्हतं.

मग मीच गाव व्हायचं ठरवलं. "व्हय म्हाराजा" असं बारा वेळा म्हणून बारा ट्रॅक केले. पिच, म्हणजे पट्टी, खाली आणून काहींचे पुरुष केले, एक तर इतका घोगरा झाला की मलाच हसू आवरेना. अर्धे डाव्या कानात, अर्धे उजव्या. त्यावर देवळाच्या मंडपाइतका रिव्हर्ब. माझ्याच गळ्यातून बारा माणसं बाहेर पडताना ऐकून मी खुर्चीत उडाले. ते सगळं मी एका कळीवर बसवलं: कळ दाबली की गाव बोलणार.

सासऱ्यांनी हेडफोन लावून ऐकलं आणि मान हलवली. "गावात कोण इतक्या एकदम बोलता? एकटो तरी मागसून बोलतलोच."

अगदी खरं होतं. मी एका ट्रॅकला डिले दिला. आता अकरा जण बोलायचे आणि पाठोपाठ बारावा. सासऱ्यांचे डोळे चमकले. त्यांनी टोपी नीट केली.

आणि मग ते जे सुरू झाले! दर्यात गेलेल्यांना सुखरूप घरी आण, मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, जिच्या पोटी मूल नाही तिला मूल दे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी कळ दाबत होते आणि माझ्या बोटाखालून गाव उत्तर देत होतं. सासऱ्यांचा आवाज चढत गेला. माझ्या अंगावर काटा आला. एका दमात पूर्ण गाऱ्हाणं झालं.

पण ऐकताना लक्षात आलं, त्यांनी सगळ्यांसाठी मागितलं आणि स्वतःच्या घशासाठी एक अक्षर नाही. मी चिडले. स्वतःसाठी मागायला काय झालं होतं, असं तोंडावर विचारलं.

"आपल्यासाठी आपणच मागलां," ते म्हणाले, "तर व्हय म्हाराजा कोण म्हणतलो?"

शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नव्हता. ते पाटीवर लिहायचे आणि अक्षर लागलं नाही की माझ्यावर डोळे वटारायचे. मुदत संपल्यावर आम्ही बांद्यावरून पुन्हा गोव्याला गेलो. डॉक्टरांच्या खोलीला नुसता पडदा होता आणि बाहेर बाकांवर गर्दी, त्यातले निम्मे आमच्याच बाजूचे, देवगड-मसुऱ्याकडचे. डॉक्टरांनी घसा तपासला आणि म्हणाले, आता काहीही बोला.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फाटका, खरखरीत, पण त्यांचाच आवाज निघाला.

"बा देवा म्हाराजा, माझो आवाज माका परत दी."

पडद्याबाहेरून, ओळखीच्या ना पाळखीच्या माणसांनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा."

डॉक्टर चमकून पडद्याकडे बघत राहिले. सासरे खुर्चीत बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. त्या रडण्याला आवाज होता.