निवेदिता प्रधान आणि न उघडणारा पेन ड्राइव्ह

निवेदिता प्रधानला कुणी लांबून जरी पेन ड्राइव्ह दाखवला, तरी तिच्या कपाळावर आठी उमटते. खालापूरजवळच्या एका खाजगी कॉलेजात ती संगणकाची लॅब सांभाळते. घर कर्जतला, रोज स्कूटरने ये-जा. आधी ती ऐरोलीत एका कंपनीचे सर्व्हर बघायची. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा नोकरी सोडून घरी आली आणि इथेच राहिली. मुलांच्या पेन ड्राइव्हमधून येणारे व्हायरस साफ करून करून ती इतकी कंटाळली, की लॅबमधल्या सगळ्या कम्प्युटरवरून विंडोज काढून तिने लिनक्स घातलं. व्हायरस गेले आणि त्यांच्या जागी दुसरी कटकट आली. ‘मॅडम, तुमच्या कम्प्युटरला माझा पेन ड्राइव्ह दिसत नाही.’

दिसणार कसा? कुणी फाइल अजून लिहिली जात असतानाच तो उपटून काढलेला असायचा, कुणी खिशात ठेवून पँट धुतलेली असायची. निवेदिताने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं होतं : ‘आधी इजेक्ट, मग काढा.’ ते वाचता वाचताच लोक पेन ड्राइव्ह खेचून काढायचे. स्टाफरूममधल्या कुणाच्या डोहाळजेवणाचे फोटो, कुणाच्या मेहुण्याच्या दुकानाची बिलं, सगळं तिच्याच टेबलावर येऊन पडायचं. ती चिडायची, बडबडायची आणि करून द्यायची.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. शुक्रवारी दुपारी वनिता लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली ही बाई पावसाळाभर कॉलेजच्या फाटकाशी रानभाज्या घेऊन बसते. निवेदिता तिच्याकडून कुर्डू, कंटोळी घ्यायची, तेवढीच ओळख. वनिताने पदराची गाठ सोडून एक पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

“मॅडम, यात आवडीचा विडिओ हाय. उद्या ग्रामसभा हाय. कुटंच उघडत नाय.”

आवडी म्हणजे वनिताची धाकटी जाऊ. जुलैत तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा वाडीपर्यंत गाडी येणं शक्य नव्हतं. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी तिला खाली आणलं. मध्ये ओढा भरून वाहत होता. कमरेएवढ्या पाण्यातून झोळी पलीकडे नेली आणि त्याच काठावर, प्लास्टिकच्या कागदाखाली, आवडीला मुलगी झाली. दोघी वाचल्या. वनिताने हे सगळं फोनवर उतरवून ठेवलं होतं.

“दरसाल आमी रस्ता मागतो. तर म्हनत्यात, वाट हाय की तुमाला,” ती म्हणाली. “म्हटलं, बघा एकदा वाट कशी हाय ती.”

पुढे फोन भरला. बाजारातल्या मोबाइलवाल्याने व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकले आणि फोन साफ करून दिला. त्यानंतर तो पेन ड्राइव्ह उघडलाच नाही.

“साफ करण्याआधी उघडून बघितला का त्याने?”

“त्याला गिऱ्हाईक व्हतं, मॅडम.”

निवेदिताने डोक्याला हात लावला.

तिने तो आधी स्टाफरूममधल्या विंडोजच्या कम्प्युटरला लावून पाहिला. स्क्रीनवर लगेच प्रश्न आला, फॉरमॅट करायचं का? शेजारी अकाउंट्स शिकवणारे अनुपम सर चहा घेत बसले होते. ते वाकून म्हणाले, “हो म्हण ना. मोकळं होईल.”

“सगळं पुसून मोकळंच होईल!” निवेदिता ओरडली. “सर, माऊसला हात लावू नका.”

पेन ड्राइव्ह घेऊन ती लॅबमध्ये परत आली. लिनक्सच्या कम्प्युटरला तो लावला, बारीक दिवा लुकलुकला, पण पडद्यावर काहीच उघडलं नाही. तिने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून यंत्राच्या नोंदी पाहिल्या. ड्राइव्ह जोडला गेला, तुटला, जोडला गेला, पुन्हा तुटला. ओळीवर ओळी येत होत्या.

“तुमी नुसत्या बघताय, मॅडम. कायतरी करा की,” वनिता म्हणाली.

“हेच करतेय. बघितल्याशिवाय हात लावला तर आहे ते पण जाईल.”

“मोबाइलवाला पन असंच बोलला व्हता.”

निवेदिताला राग आला, पण बाईचं खोटं कुठे होतं? तिने कम्प्युटर पुढे ओढला. पुढचं यूएसबीचं तोंड मुलांनी वाकडं करून ठेवलं होतं, आत वायर ढिली. मागच्या बाजूला, थेट मुख्य बोर्डावर असलेल्या तोंडात तिने ड्राइव्ह घातला. जोडणी टिकली. आता ड्राइव्ह किती जीबीचा ते दिसू लागलं, पण उघडायला गेल्यावर नवा नकार आला. आतली रचना ओळखता येत नाही.

दुरुस्तीची आज्ञा एका ओळीची होती. बोटं तिथपर्यंत गेली. बाहेर अंधारून आलं होतं, वनिताची शेवटची एसटी जायची होती, घरी वडिलांना औषध द्यायचं होतं. ही एक ओळ लिहून सुटावं असं तिला फार वाटलं. पण आजारी ड्राइव्हवरच दुरुस्ती चालवली, तर तो दुरुस्त होता होता मरतो, हे ऐरोलीत तिने पाहिलं होतं. तिने आधी पूर्ण ड्राइव्हची प्रत काढायला लावली. वाचता येईल ते वाचायचं, खराब जागा सोडून पुढे जायचं, मग मागे वळून त्या जागांवर पुन्हा प्रयत्न करायचा, असं काम करणारा प्रोग्रॅम होता तो.

तो चालू लागला, आणि मध्येच अडला. ड्राइव्ह हाताला भाजेल इतका तापला होता.

“अगं बाई, काय छळ आहे हा!” निवेदिता त्या ड्राइव्हलाच म्हणाली. तिने तो काढून पंख्याखाली ठेवला. दोघी समोर बसून राहिल्या. निवेदिताने डबा उघडून अर्धी पोळी वनितापुढे केली. वनिताने ती घेतली, पण नजर पंख्याखालून हलली नाही.

ड्राइव्ह गार झाल्यावर प्रोग्रॅमने जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरुवात केली. असं दोनतीनदा झालं. शेवटी प्रत तयार झाली, थोड्या जागा रिकाम्या राहून. मग निवेदिताने त्या प्रतीची आणखी एक प्रत करून तिच्यावर दुरुस्ती चालवली. फाइलींची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. तिने एक उघडली. कुणाच्या तरी लग्नातला नाच. दुसरी काळी. तिसरीत पावसाचा आवाज आला, मग पाणी, पाण्यात माणसं, आणि वनिताचाच ओरडा : “दमानं रं, दमानं!”

ओढ्याच्या मधोमध चित्र गोठलं. पुढचा भाग परत आलाच नाही.

“पोर झाली ते नाय यात?”

“नाही. तेवढा भाग वाचता आला नाही.”

वनिताने गोठलेल्या चित्राकडे बोट केलं. “ऱ्हाऊ दे. त्याना पानी दिसलं तरी पुरं.”

निवेदिताने व्हिडिओ स्वतःच्या चांगल्या पेन ड्राइव्हवर घालून दिला, पण तेवढ्यावर तिचा जीव शांत होईना. शनिवारी ती लॅपटॉप घेऊन स्वतःच ग्रामसभेला गेली. सभागृहात मोठा टीव्ही होता. पेन ड्राइव्ह लावला तर टीव्ही म्हणाला, काहीच सापडत नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं, हा ड्राइव्ह तिने लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. टीव्हीला ती भाषा येतच नव्हती. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. संतापाने तिचे कान लाल झाले.

“नसंल टीवी तर नसंल,” वनिता म्हणाली आणि लॅपटॉप उचलून तिने सरळ सरपंचबाईंच्या टेबलावर ठेवला. “हितं बघा.”

लॅपटॉपचा आवाज बारीक होता. लोक उठून टेबलाभोवती आले, पुढचे खाली बसले. झोळी पाण्यात शिरली, एकाचा पाय सरकला, झोळी एका बाजूला कलंडली आणि चित्र थांबलं.

“पुढं काय झालं?” एका म्हातारबांनी विचारलं.

तेव्हा मागच्या भिंतीशी बसलेली आवडी मुलीला घेऊन उठून उभी राहिली.

ठराव झाला. रस्ता अजून झालेला नाही. कागद कुठल्या टेबलावर आहे हे वनिता दर महिन्याला विचारते आणि दर वेळी तणतणत परत येते. ओढ्यावर मात्र उन्हाळ्यात पायी जाण्यापुरता साकव उभा राहिला. कामाच्या पहिल्याच दिवशी वनिताने निवेदिताला फोन केला. खड्डे खणायला वाडीतलेच लोक घेतले होते, आणि मुकादम त्यांच्यावर उगाच खेकसत होता.

“मॅडम, त्याचा बी विडिओ काढू का?”

“काढा,” निवेदिता म्हणाली. “आणि फोनमधून पुसू नका. मी रविवारी येते.”