सपाट बाजू

माझ्या दादाच्या सायकलीची पेडलं दुहेरी आहेत. एका बाजूला खास बुटाचा तळ खटकन अडकतो, दुसरी बाजू चपलेसाठी सपाट. बूट रविवारच्या लांब रपेटीला आणि चपला दुकानाच्या खेपांना, असा त्याचा बेत होता. दुकान म्हणजे बाबांची लाँड्री. पण रविवारी दादा बुटाची पट्टी ओढतो न ओढतो तोच बाबा आतून म्हणतात, "निघालाच आहेस तर एवढे दोन गठ्ठे टाकून ये." दोनाचे पाच होतात. दर दाराशी बूट सोडवत बसायचं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून दादा मुकाट्याने चपला चढवतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, पण हा हूं की चूं करत नाही.

परवा पेडलं करकरू लागली म्हणून आम्ही सायकलवाल्याकडे गेलो. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "सपाट बाजू पार घासलीय आणि बुटाच्या क्लिपची नवीकोरी. आता साधीच बसवू का?"

"नाही!" दादा एवढ्या जोरात ओरडला की मी दचकलेच. "दुहेरीच हवीत."

नवी पेडलं बसवून आम्ही लाँड्रीवर परतलो. दादाने पायानेच सपाट बाजू वर घेतली आणि हँडलला गठ्ठे अडकवले.