तळं नव्हे, उजेड

आमच्या शिरूरच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांइतका घाईचा माणूस मी जन्मात पाहिला नाही. आणि इतकी घाई करून ज्याचं एकही काम पुरं होत नाही, असाही दुसरा पाहिला नाही. अर्धी दाढी करून शाळेत येत. फळ्यावर आंब्याची एक बाजू काढून होते न होते, तोच खिडकीतल्या ढगाकडे धावत. कुठल्याशा परदेशी मासिकात ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं बागेतलं तळं त्यांनी पाहिलं, आणि मग तर विचारूच नका! दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी दौंडच्या एका बागेतलं तळं पुन्हा भरलं, तेव्हा दर रविवारी मला एसटीत कोंबून ते तिकडे निघाले. रिटायर व्हायच्या आत एक तरी चित्र पुरं करायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

चार ठिपके दिले की दहा पावलं मागं पळत. मागं मेंदीचं कुंपण. बागेतले माळीआबा ओरडत, "गुर्जी, मागं बघा!" तोवर गुरुजी कुंपणात. "तळं नव्हे हो, त्याच्यावरचा उजेड काढायचाय," ते मला सांगत, "आणि तो मेला थांबतच नाही!" मी गणिताचा मास्तर, म्हटलं, "मग सूर्याला बाकावर उभं करा." तरी तीन महिन्यांत तळ्यातली कमळं चित्रात अशी काही उतरली, की माझ्यासारख्या अरसिकालाही कुंपणापाशी उभं राहावंसं वाटे. आता फक्त पाणी राहिलं होतं.

रिटायर होण्याआधीच्या शेवटच्या रविवारी गेलो, तर तळ्यात एक कमळ नाही, पान नाही, शेवाळ नाही आणि काठाला ताजा गेरू-चुना! आबा धुतलेलं धोतर नेसून उभे. "तुमचं शेवटचं चित्र म्हनलासा न्हवं? मग घान कशाला दिसाया पायजे? दोन दिस पान्यात हुतो, समदं उपटून काढलं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच मास्तरांनी माझं मनगट घट्ट दाबलं. "झकास केलंत, आबा," ते म्हणाले आणि चक्क खाली बसले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. एकेका कमळावर रंगाचा हात देत त्यांनी ते मोकळं पाणी रंगवलं, गेरू-चुन्याचा काठही रंगवला. खाली सही केली आणि चित्र आबांच्या हातात ठेवलं.

परतताना एसटीत मी भडकलोच. "आयुष्यात एकदा काहीतरी जमलं होतं, तेही पुसलंत!"

मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अहो, म्हातारा दोन दिवस पाण्यात उभा होता. त्याला कुठल्या तोंडानं सांगू?" डोळे मात्र त्यांनी माझ्याकडे वळवले नाहीत.